चीक, सोनं आणि पाणी : व्हिएतनामी चित्रकार न्गुयेन झा ची

माझ्या आजोळी, सावंतवाडीजवळच्या एका गावात, परसाच्या कडेला बिब्ब्याचं झाड होतं. त्याच्या सावलीतही उभं राहायचं नाही, अशी आजीची ताकीद असे. अर्थातच आम्ही राहायचो. एका मामेभावाला एकदा बिब्बा असा उतला की तोंड सुजून त्याचे डोळे मिटले. त्याच्याबरोबर त्याच झाडाला लटकलेला मी मात्र कोराच राहिलो. आजी म्हणाली, ‘बिब्बो माणूस बघून उततां.’

पुढे तीसेक वर्षांनी हनोईत एका म्हाताऱ्या कारागिराने, दुभाष्यामार्फत, मला त्यांच्याकडची म्हण सांगितली : सन चेहरा बघून खातो, भूत माणूस बघून धरतं. ‘सन’ म्हणजे तिथल्या एका झाडाचा चीक. तो अंगाला लागला की कुणाच्या कातडीवर फोड येतात, कुणाला काहीच होत नाही. हे झाड आणि आपला बिब्बा एकाच कुळातले. आंबा आणि काजूही त्याच कुळातले. कैरीच्या देठाचा चीक ओठाला लागून ज्याचा ओठ भाजला आहे, त्याला या लेखाचं निम्मं रसायन ठाऊकच आहे.

मी हनोईला गेलो होतो तो मात्र चुकीची समजूत घेऊन. सावंतवाडीच्या चितार आळीत लाखकाम बघत मी वाढलो. कातावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर रंगाचा वळसा बसतो. व्हिएतनामची ‘लॅकर पेंटिंग्ज’ प्रसिद्ध आहेत असं वाचलं तेव्हा मी धरून चाललो की तेही हेच असणार. शब्द तर आपलाच. संस्कृतातल्या लाक्षेची लाख झाली, ती पोर्तुगिजांच्या तोंडी बसली आणि तिथून युरोपभर गेली. गंमत अशी, की युरोपीय लोकांनी हा आपला शब्द नेऊन चीन-जपानच्या एका अगदी वेगळ्या पदार्थाला चिकटवला. आपली लाख किड्याची, त्यांचा सन झाडाचा. लाख उष्णतेने वितळते. म्हणून तर पांडवांचं लाक्षागृह पेटू शकलं. सन एकदा घट्ट झाला की पुन्हा कधी वितळत नाही. आणि सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे तो उन्हात वाळत नाही, ओलाव्यात वाळतो. दमट हवेत त्यातलं एक द्रव्य प्राणवायूशी संयोग पावतं आणि चीक दगडासारखा होतो. म्हणून तिथले चित्रकार रंगवलेली फळी ओल्या फडक्यांच्या पेटीत वाळायला ठेवतात. आपल्या पावसाळ्यात जे काहीच वाळत नाही, त्या हवेत हे वाळतं.

त्या प्रवासात एका माणसाची चित्रं पाहिली आणि मी आलो होतो ते कामच विसरलो. न्गुयेन झा ची हे त्याचं नाव. हनोईत ‘झा ची’ म्हणतात, सायगावकडे त्याच अक्षरांचा उच्चार ‘या ट्री’ होतो. नावाचे हे दोन उच्चार त्याच्या आयुष्याचे दोन भागही आहेत.

*

आधी तंत्र समजून घ्यावं लागेल. ते टाळून या माणसाविषयी बोलता येणार नाही.

हनोईच्या वायव्येला फू थो प्रांतात सनाची झाडं लावतात. पहाटे, ऊन चढण्याआधी, सालीला तिरक्या खाचा देऊन खाली शिंपले खोचतात आणि त्यांत ठिबकलेला दुधाळ चीक गोळा करतात. तो मुरत ठेवला की त्याचे थर पडतात. लोखंडाच्या भांड्यात घोटला तर कुळकुळीत काळा होतो. लोखंड न लावता घोटला तर तांबूस तपकिरी, पारदर्शक. या रंगाला तिथे झुरळाच्या पंखाचा रंग म्हणतात. तिसरा रंग हिंगुळाचा लाल. शतकानुशतकं एवढ्यावर काम चाललं : देवळांतल्या मूर्ती, पूर्वजांच्या पूजेचे देव्हारे, खांबांवरच्या अक्षरपाट्या, सगळं लाल आणि सोनेरी. करणारे कारागीर, नाव न लावणारे.

१९२५ साली फ्रेंच सरकारने हनोईत इंडोचायनाची कलाशाळा सुरू केली. तिच्यामागे दोन माणसं होती : फ्रेंच चित्रकार व्हिक्तोर तार्द्यू आणि व्हिएतनामी चित्रकार नाम सन. तैलरंग, शरीरशास्त्र, यथार्थदर्शन असा पॅरिसचा अभ्यासक्रम. तिथे शिकवणाऱ्या जोसेफ अँग्विंबेर्ती यांचं लक्ष देवळांतल्या या कामाकडे गेलं आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीस सनाचे प्रयोग सुरू झाले. त्यासाठी दिन्ह वान थान्ह नावाच्या कसबी कारागिराला शाळेत आणलं. सनात देवदाराच्या जातीच्या झाडाची राळ मिसळली तर थर घट्ट झाल्यावर तो पाण्याखाली घासता येतो, या शोधाचं श्रेय त्याला दिलं जातं. शोध छोटा दिसतो, पण त्याने कारागिरीचं चित्रकलेत रूपांतर केलं. म्हणूनच या कलेचं नाव ‘सन माय’ पडलं. माय म्हणजे घासणं.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. तैलचित्रात शेवटचा फटकारा सर्वांत वर असतो. सन मायमध्ये चित्रकार आधी चित्र पुरतो. कापड चिकटवून, चिकाचे आणि मातीचे लेप देऊन तयार केलेल्या काळ्या फळीवर तो सोन्याचा वर्ख लावतो, चांदीचा लावतो, बदकाच्या अंड्याची टरफलं चेचून बसवतो. पांढऱ्या रंगासाठी टरफलंच हवीत, कारण चीक स्वतः तपकिरी. त्यात कोणताही पांढरा रंग मिसळला तरी मळकट होतो. मग या सगळ्यावर चिकाचे थर चढतात. प्रत्येक थर ओलाव्यात वाळायचा, मग पुढचा. शेवटी फळी पुन्हा आंधळी, काळीसावळी. आणि मग पाणी टाकत टाकत ती घासायची. पुरलेलं हळूहळू वर येतं. एके ठिकाणी सोनं उघडं पडतं, शेजारी तेच सोनं तपकिरी थराखालून मधासारखं दिसतं. थोडं जास्त घासलं की सोनं गेलं. ते परत येत नाही. थोडं कमी घासलं तर चित्र झोपलेलंच राहतं.

म्हणजे या कलेतलं खरं कसब थांबण्यात आहे.

*

झा ची यांचा जन्म १९०८ सालचा, हनोईजवळच्या तेव्हाच्या हा डोंग प्रांतातला. १९२८ मध्ये ते कलाशाळेत गेले, मध्येच शाळा सोडली, पुन्हा आले आणि १९३६ मध्ये बाहेर पडले. त्यांच्या पिढीतल्या चौघा चित्रकारांची नावं क्रमाने गुंफलेली एक यमकबद्ध ओळ हनोईत अजूनही म्हणतात. तिच्यात पहिलं नाव ची यांचं, दुसरं तो न्गोक वान यांचं. या दोन नावांकडे आपण पुन्हा येऊ.

शाळेत असतानाच ची एका वेगळ्या घोळक्यात सामील झाले होते. न्यात लिन्ह या लेखकाने १९३०च्या दशकात ‘स्वावलंबी साहित्य मंडळ’ अशा अर्थाच्या नावाची एक लेखकसंघटना उभी केली. तिची दोन साप्ताहिकं होती, ‘फोंग होआ’ आणि नंतर ‘न्गाय नाय’. जुन्या रूढी, सक्तीचे विवाह, गावपाटलांचा मूर्ख अहंकार, मंदारीनांचा भ्रष्टपणा, सगळ्यांची त्यांत रेवडी उडवली जाई. ली तोएत हा छत्री बगलेत मारून शहरात आलेला, प्रत्येक आधुनिक वस्तूला बिचकणारा खेडवळ अंमलदार या पानांवरून घरोघरी पोहोचला. ची या साप्ताहिकांसाठी व्यंगचित्रं आणि सजावट करत. सरकारी सेन्सॉरने १९३६ मध्ये ‘फोंग होआ’ बंद पाडलं.

व्यंगचित्राचा हात वेगवान असतो. आठवड्याला चित्र द्यायचं, छापून आलं की विसरायचं. दुसऱ्या बाजूला सन माय, जिथे एकेका थराला वाट बघायची. एकच माणूस दोन्ही करत होता याचं मला प्रथम आश्चर्य वाटलं. मग त्यांचा १९३९चा पडदा पाहिला. घडीच्या फळ्यांचा, दोन्ही बाजू रंगवलेला हा पडदा आज हनोईच्या राष्ट्रीय ललितकला संग्रहालयात आहे. एका बाजूला बागेतल्या तरुणी, लांब आओ झाय घातलेल्या. सोन्याच्या झगमगाटात टरफलांचा पांढरा रंग त्यांच्या वस्त्रांवर उजळलेला. रेषा बघितली की कळतं, ही छपाईच्या शाईत तयार झालेली रेषा आहे : एका झोकात गेलेली, खोडाखोड न सोसणारी. तो झोक त्यांनी चिकाच्या संथ थरांत उतरवला.

पण मला खिळवून ठेवलं पडद्याच्या मागच्या बाजूने. तिथे बाई नाही, माणूस नाही. ‘झोक मुंग’ची पानं आहेत. ही आपल्या अळवाच्या जातीची, पण माणसाच्या उंचीची भाजी; तिचे देठ तिथे आमटीत घालतात. म्हणजे दर्शनी बाजूला श्रीमंती बाग, आणि पाठीला परसातलं अळू. त्या काळी असे पडदे घेणारे लोक म्हणजे फ्रेंच अधिकारी आणि हनोईतले धनिक. त्यांच्या दिवाणखान्यातल्या पडद्याची पाठ त्यांनी या भाजीला दिली, आणि तिलाही सोनं कमी लावलं नाही. २०१७ साली व्हिएतनाम सरकारने या पडद्याला ‘राष्ट्रीय ठेवा’ म्हणून मान्यता दिली.

*

त्यांच्या चित्रांत राजकारण कुठेच दिसत नाही. बागा, तळी, सणाच्या रात्री, तरुणी. त्यामुळे कुणीही त्यांना ‘पलायनवादी’ म्हणून मोकळं व्हावं. माझ्या वहीतही पहिल्या दिवशी हाच शब्द आहे.

मग चरित्राचा तपशील हाती आला. न्यात लिन्ह यांच्या मंडळातून पुढे फ्रेंचविरोधी राजकीय पक्ष निघाला. ची त्यात होते. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर फ्रेंचांनी धरपकड केली आणि त्यांना वायव्येच्या डोंगराळ मुलुखात, सन ला इथल्या तुरुंगात टाकलं. मलेरियासाठी कुप्रसिद्ध जागा. १९४३च्या सुमारास ते सुटले. १९४५ मध्ये जपान्यांनी फ्रेंचांची सत्ता उलथवली, कलाशाळा बंद झाली, मग हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. न्यात लिन्ह १९४६ च्या संयुक्त सरकारात काही महिने परराष्ट्रमंत्रीही झाले. पण कम्युनिस्ट आणि हे राष्ट्रवादी गट यांचं जमलं नाही. ते फाटलं तेव्हा अनेकांना देश सोडावा लागला. ची हाँगकाँगला गेले. त्यांच्या साप्ताहिकातला कादंबरीकार खाय हुंग मारला गेला. न्यात लिन्ह यांनी पुढे १९६३ मध्ये सायगावात, तिथल्या हुकूमशाहीच्या निषेधार्थ, विष घेऊन जीव दिला.

आणि त्या यमकबद्ध ओळीतलं दुसरं नाव? तो न्गोक वान कम्युनिस्टांच्या बाजूने जंगलात गेले, लढ्याच्या काळातली कलाशाळा त्यांनी चालवली आणि १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या मोहिमेच्या वाटेवर बाँबहल्ल्यात जखमी होऊन वारले. त्याच सुमारास देशाचे दोन तुकडे झाले आणि ची दक्षिणेत, सायगावात, स्थायिक झाले. एकाच शाळेची, एकाच ओळीतली दोन मुलं. एकमेकांच्या शेजारी म्हटली जाणारी ही दोन नावं दोन शत्रुराष्ट्रांची झाली.

उत्तरेत सन माय पुढे गेली ती शेतकरी, सैनिक, पक्ष यांची चित्रं घेऊन. त्यांत मोठी कामंही झाली. न्गुयेन सांग यांचं दिएन बिएन फूच्या खंदकात पक्षप्रवेश घेणाऱ्या सैनिकांचं चित्र पाहून कुणीही हलेल. दक्षिणेत ची मात्र हळूहळू घराच्या आत गेले. फारसं कुणात मिसळणं नाही, गाजावाजा नाही. याच काळात त्यांनी अमूर्त सन मायही केली : आकृती नाही, कथा नाही, फक्त पुरणं आणि घासणं.

तुरुंग भोगलेल्या, मित्र गमावलेल्या माणसाने आयुष्यभर बाग रंगवावी, याला पलायन म्हणायचं का? मला आता तसं वाटत नाही. व्यंगचित्रांत त्यांनी त्यांच्या समाजाचं जे काही मोडायला हवं ते दाखवलं. चिकात त्यांनी जे राखायला हवं ते दाखवलं. दोन्ही कामांना दोन माध्यमं होती. आपणच एका माध्यमाकडे दुसऱ्याचं काम मागतो.

*

१९६९च्या सुमारास, युद्ध ऐन भरात असताना, त्यांनी सायगावात एक मोठं चित्र सुरू केलं. नऊ फळ्या, दोन मीटर उंच आणि पाच मीटरांहून जास्त रुंद. नाव : ‘वसंताची बाग : मध्य, दक्षिण, उत्तर’. आओ झायमधल्या तरुणी एका बागेत जमल्या आहेत, देशाच्या तिन्ही भागांतल्या. चित्राला हात घातला तेव्हा उत्तरेतून दक्षिणेत यायला रस्ता नव्हता. सतराव्या अक्षांशावर सीमा होती आणि वरून बाँब पडत होते. हातावेगळं झालं ते १९८९च्या सुमारास. तोवर सायगाव पडलं होतं, शहराचं नाव बदललं होतं, देश एक झाला होता. ची यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं.

वीस वर्षं एकच फळी. यात चिकाचा स्वभाव आहेच, पण तेवढंच नाही. त्यांचे शिष्य न्गुयेन सुआन व्हिएत यांनी गुरूचे उद्गार टिपून ठेवले आणि पुढे पुस्तकरूपाने छापले, म्हणून त्यांचा विचार थोडाफार आपल्यापर्यंत पोहोचतो. त्यांना सन माय हे चित्रापेक्षा साधनेच्या जवळचं वाटे. आधी रेखाटन करून त्यात रंग भरण्याऐवजी ते पदार्थाला बोलू देत.

१९९०च्या दशकाच्या आरंभी हो ची मिन्ह शहराच्या प्रशासनाने हे चित्र ६० कोटी डोंग देऊन विकत घेतलं. तेव्हा ही रक्कम सुमारे एक लाख अमेरिकी डॉलर सांगितली गेली. गरिबीतून नुकत्याच डोकं वर काढणाऱ्या देशात एका जिवंत चित्रकाराच्या चित्रासाठी हा आकडा अभूतपूर्व होता. ज्या सत्तेपासून हा माणूस एकदा देश सोडून पळाला, त्याच सत्तेने त्याच्या बागेला घर दिलं. जून १९९३ मध्ये ची वारले. २०१३ मध्ये ‘वसंताची बाग’ राष्ट्रीय ठेवा ठरली.

*

इथे हा लेख संपवता आला असता.

हो ची मिन्ह शहराचं ललितकला संग्रहालय एका चिनी व्यापारी घराण्याच्या जुन्या वाड्यात आहे. पिवळ्या भिंती, रंगीत फरशा, उघड्या खिडक्या. २०१८च्या अखेरीस तिथे ‘वसंताची बाग’ स्वच्छ करायचं ठरलं. काम एका कारागिराकडे दिलं गेलं. भांडी घासायचं साबणपाणी, पॉलिशची भुकटी आणि बारीक पॉलिशपेपर वापरला गेला. २०१९च्या एप्रिलमध्ये बोभाटा झाला, तज्ज्ञांची समिती बसली, आणि चित्राची गंभीर हानी झाल्याचं मान्य करण्यात आलं. वरचे पातळ पारदर्शक थर कित्येक ठिकाणी गेले होते. चित्र अधिक चकचकीत झालं होतं, आणि उथळ.

ही बातमी वाचली तेव्हा मला त्या कारागिराचा राग आला नाही. खरं तर कीव आली. त्याने केलं काय? घासलं. या कलेचं नावच घासणं आहे. पाणी, भुकटी, कागद, हात, सगळं तेच. ची यांनी वीस वर्षं जे केलं, तेच त्याने काही दिवस केलं. फरक एकच. कुठल्या जागी खाली काय पुरलं आहे, हे एकाच्या बोटांना माहीत होतं. दुसऱ्याला वरचा मळ तेवढा दिसत होता, आणि तो ज्याला मळ समजला त्यातला काही भाग म्हणजेच चित्र होतं.

आपल्याकडे देवळांच्या दगडांवर ऑइलपेंट चढवणारे आणि जुन्या मूर्तींना वज्रलेप करणारे हात मला आठवले. तेही भक्तीनेच काम करतात. जुनी वस्तू जपायची म्हणजे ती नव्यासारखी दिसायला हवी, या समजुतीने जेवढा ठेवा गेला, तेवढा हेळसांडीने गेला नसेल.

आज व्हिएतनामच्या पर्यटकी दुकानांत ‘लॅकर’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं पुष्कळसं सनाचं नसतं. कारखान्यातला रंग असतो, किंवा काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेलं रोगण. काजूचं रोगण लवकर वाळतं, स्वस्त पडतं. कोकणात आम्ही तेच तेल लाकडाला वाळवी लागू नये म्हणून वापरतो. आजोळच्या वाड्याच्या दरवाजाला ते लावलेलं होतं आणि त्याचा तांबूस तपकिरी रंग मला आठवतो. झुरळाच्या पंखासारखाच.

संग्रहालयात मी त्या नऊ फळ्यांसमोर बराच वेळ उभा होतो. आधी समोरून पाहिलं. मग एका बाजूला सरकलो, कारण सन मायची चित्रं तिरक्या उजेडात बघावी लागतात. खिडकीतून येणारा उजेड फळीवर घसरला तेव्हा काही भाग आरशासारखा सपाट चमकला. ते घासले गेलेले असावेत असं मला वाटलं. पण एका कोपऱ्यात, एका तरुणीच्या बाहीमागे, सोनं अजून खाली होतं. वर तपकिरी थर, त्याच्या खाली मंद उजेड, त्याच्याही खाली काळोख. तिथे कुणाचा हात पोहोचला नव्हता.

पहारेकरी बाईने मागे सरकायची खूण केली. मी नाकाने फळीला टेकायच्या बेतात होतो.